पाठ टेकल्यावर काय होतं? मार्शल आर्टची शैली निवडताना, शिकताना आणि ताडून पाहताना

मी नऊ वर्षं तांबड्या मातीत काढली. पहाटे उठून आखाडा उकरायचा, जोर-बैठका, सपाट्या मारायच्या आणि मग लढती. वस्तादांचं पालुपद एकच असायचं, “पैलवान, पाठ जपा. पाठ गेली की सगळं गेलं.”

पुढे नोकरीसाठी पुण्यात आलो आणि एका ब्राझिलियन जिउजित्सूच्या क्लासला जाऊन उभा राहिलो. समोरचा मुलगा माझ्यापेक्षा चांगला बारा-पंधरा किलोंनी हलका. मी दुहेरी पट काढला, म्हणजे त्याचे दोन्ही पाय धरून ओढले, आणि त्याला पाडलं. तालमीत असतो तर तिथेच निकाल लागला असता. इथे मात्र तो निवांत पाठीवर झोपून राहिला, दोन्ही पायांनी माझी कंबर धरली आणि बाही ओढून माझा तोल घालवला. मी कलंडायला लागलो तशी नऊ वर्षांची सवय जागी झाली आणि मी झटकन पालथा झालो, पाठ वाचवायला. तो माझ्या पाठीवर चढला, त्याचा हात हनुवटीखाली सरकला, आणि मी हरल्याची खूण म्हणून दोनदा मॅट थोपटली. मातीत ज्या पालथं होण्यानं मला वाचवलं होतं, तेच इथे अक्षरशः गळ्याशी आलं.

त्यानंतर मी ज्युदो केला, बॉक्सिंगच्या जिममध्ये दोन वर्षं घाम गाळला, कराटे आणि तायक्वांदोवाल्यांबरोबर हात आजमावले. “सगळ्यांत भारी मार्शल आर्ट कुठली?” असं आजही लोक विचारतात. कुणाला मुलीला क्लासला घालायचं असतं, कुणाला तिशीनंतर काहीतरी नवं सुरू करायचं असतं. माझं उत्तर एकच असतं. शैली तिच्या नावात नसते. ती असते लढतीच्या नियमांत आणि सरावात समोरचा माणूस किती विरोध करतो त्यात. या दोन गोष्टी पाहायची नजर आली की निवड करणंही जमतं आणि दोन शैली शेजारी ठेवून तपासणंही. ती नजर कशी कमवायची ते क्रमानं सांगतो.

पहिली पायरी : कशासाठी शिकायचंय ते कागदावर लिहा

एकच ओळ लिहा, पण खरी. अंगात ताकद आणि दम यावा म्हणून? स्पर्धा खेळायला? रात्री स्टेशनवरून घरी येताना धीर वाटावा म्हणून? की मुलाला मोबाइलपासून दूर ठेवून शिस्त लावायला? ही चारही कारणं चांगलीच आहेत, पण प्रत्येकाचा रस्ता वेगळा. स्पर्धा खेळायची असेल तर तुमच्या जिल्ह्यात ज्या खेळाच्या स्पर्धा नियमित होतात तोच निवडा. शालेय क्रीडा स्पर्धांत कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, तायक्वांदो, कराटे हे सगळे खेळ आहेत. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक चक्कर मारली की कुठल्या खेळाला आपल्याकडे किती मुलं उतरतात ते कळतं. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांवर डोळा असेल तर स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

दुसरी पायरी : नाव सोडा, नियम वाचा

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेकांची गल्लत इथेच होते.

कलाजंग हा डाव घ्या. समोरच्याचा एक हात ओढून खाली घुसायचं, दुसरा हात त्याच्या दोन मांड्यांमध्ये घालायचा, त्याला खांद्यावर आडवा उचलायचा आणि पलीकडे टाकायचा. आपल्या आखाड्यांत हा डाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. ज्युदोत हाच डाव ‘काता गुरुमा’ या नावानं आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांना तरुणपणी त्यांच्याहून धिप्पाड असा एक सहकारी काही केल्या पडत नव्हता. तेव्हा त्यांनी पाश्चात्त्य कुस्तीची माहिती धुंडाळली आणि त्यातून हा डाव बसवला. आता गंमत पाहा. २०१० साली आंतरराष्ट्रीय ज्युदोनं थेट पाय धरण्यावर बंधन आणलं आणि २०१३ मध्ये ते आणखी कडक केलं. त्यामुळे हातानं मांडी धरून मारायचा मूळ काता गुरुमा त्या स्पर्धांतून बाद झाला. ग्रीको-रोमन कुस्तीत कमरेखाली धरायलाच मनाई, म्हणून तिथेही तो चालत नाही. फ्रीस्टाइलमध्ये चालतो. मातीत तर चालतोच.

एकच डाव आणि तीच माणसाची हाडं. फक्त नियम बदलला, आणि त्याबरोबर उभं राहण्याची ढब बदलली. कुस्तीगीर वाकून, डोकं पुढे काढून उभा राहतो, कारण पट कधीही येऊ शकतो. आजचा ज्युदोपटू ताठ उभा राहतो, कारण पाय धरले जायची भीतीच उरलेली नाही. “ज्युदोवाले असे ताठ का उभे राहतात, त्यांना पट अडवता येत नाही का?” असं आमच्या तालमीतल्या पोरांना वाटायचं. त्यांना येत नाही असं नाही. त्यांच्या खेळात त्याची गरज राहिलेली नाही, एवढंच.

म्हणून कुठलीही शैली समोर आली की चार प्रश्न विचारा. लढत कशानं संपते? कुठे धरायची, कुठे मारायची मुभा आहे? पडल्यावर पुढे काय होतं? आणि लढत किती वेळ चालते?

पाठीचंच उदाहरण धरून हे लावून पाहू. मातीच्या कुस्तीत पाठ लागली की चीतपट, खेळ खलास. फ्रीस्टाइलमध्ये दोन्ही खांदे गादीला दाबून धरले की कुस्ती संपते. नुसती पाठ गादीकडे वळवली तरी गुण जातात, आणि दहा गुणांची आघाडी झाली की तिथेच लढत थांबते. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. ज्युदोत जोरात, वेगानं आणि ताब्यात ठेवून पाठीवर आपटलं की ‘इप्पॉन’, म्हणजे पूर्ण विजय. तसं जमलं नाही तर खाली वीस सेकंद दाबून धरणं, गळा आवळणं किंवा कोपराचं कुलूप हे रस्ते उरतात. ब्राझिलियन जिउजित्सूत पाठीवर पडल्यानं काहीच संपत नाही. पाठीवर झोपून पायांमध्ये समोरच्याला अडकवणं याला तिथे ‘गार्ड’ म्हणतात आणि तिथून उलटवलं तर दोन गुण मिळतात. समोरच्याचा गार्ड ओलांडला तर तीन, छातीवर बसलं किंवा पाठीवर चढून पायांचे आकडे घातले तर चार. माझी पाठ त्या मुलानं का मागितली, ते हा गुणतक्ता पाहिल्यावर लख्ख कळलं.

या शैली एकमेकींपासून फार लांबच्या नाहीत, हेही ध्यानात ठेवा. कोदोकानमध्ये, म्हणजे कानो यांच्या ज्युदो शाळेत, तयार झालेला मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून ग्रेसी घराण्यानं जे उचललं त्यावर तिथलं जिउजित्सू उभं राहिलं. १९५१ साली जपानच्या मासाहिको किमुरानं एलियो ग्रेसीला ज्या खांद्याच्या कुलपात अडकवलं, त्या कुलपाला जिउजित्सूवाले आजही ‘किमुरा’च म्हणतात. हरवणाऱ्याचं नाव असं कायमचं जपणं मला फार आवडतं.

हात-पाय मारण्याच्या शैलींनाही हीच फूटपट्टी लावा. बॉक्सिंगमध्ये फक्त मुठी, कमरेच्या वर. त्यामुळे मान हलवणं, पावलं टाकणं आणि अंतर तोडणं यांत बॉक्सरचा हात धरणारं कुणी नाही. पण तो पुढच्या पायावर वजन टाकतो आणि खाली वाकून ठोसा चुकवतो. थाई बॉक्सिंगवाला त्याच पुढच्या मांडीवर नडगी हाणतो आणि वाकलेल्या तोंडावर गुडघा आणतो, कारण त्याच्याकडे मुठी, कोपर, गुडघे आणि नडग्या अशी आठ हत्यारं आहेत. तायक्वांदोत डोक्यावर ठोसा चालत नाही. छातीवरच्या ठोशाला एक गुण, तर डोक्यावर गिरकी घेऊन मारलेल्या लाथेला पाच. मग तिथला खेळाडू हात खाली सोडून बाजूनं उभा राहतो आणि पायाची तलवार करतो, यात नवल काय? त्याला “हात वर घे” म्हणून हसणाऱ्यानं आधी त्याचा गुणतक्ता वाचावा.

कराटेबद्दल आपल्याकडे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, कारण प्रत्येक सोसायटीच्या हॉलमध्ये क्लास आहे आणि बाहेर पाटी फक्त ‘कराटे’ अशी. कराटे मूळचं ओकिनावाचं. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये ते टोकियोत नेलं आणि त्यांच्या परंपरेतून शोतोकान आलं. गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू हे वेगळे प्रवाह. मासुतात्सु ओयामांचं क्योकुशिन तर अगदीच निराळं. तिथे अंगावर पूर्ण ताकदीनं मारतात, पण हातानं चेहऱ्यावर मारायला बंदी. उलट ऑलिंपिकमध्ये टोकियोत जे कराटे दिसलं, त्यात चेहऱ्याकडे ठोसा जातो पण तो आवरून, स्पर्श होईल न होईल इतपत. एकात अंग दगडासारखं होतं, दुसऱ्यात अंतर आणि वेळ साधायची विलक्षण नजर येते. तेव्हा “मी कराटे केलंय” असं कुणी सांगितलं की पुढचा प्रश्न हवा, “कुठलं? आणि कुमिते, म्हणजे समोरासमोरची झुंज, कशी करायचात?”

तिसरी पायरी : समोरचा विरोध करतो का?

कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध देवळाच्या आवारात मोजक्या शिष्यांना घेऊन कोदोकान सुरू केलं. ज्या जपानी विद्येतून ज्युदो आला त्या जुन्या जुजुत्सूत डोळ्यांत बोटं घालणं, सांधे उखडणं असे जीवघेणे प्रकार पुष्कळ होते. पण ते जोडीदारावर खरोखर करून पाहता येत नसत, नुसते ठरवून दाखवायचे. कानो यांनी सरावातून ते बाजूला काढले आणि उरलेल्या डावांवर पूर्ण ताकदीनं झुंजायला लावलं. या मुक्त झुंजीला ‘रांदोरी’ म्हणतात. वरवर पाहता त्यांनी कला सौम्य केली. पण रोज झुंजणारी पोरं रोज शिकतात. जो डाव विरोध करणाऱ्या माणसावर शंभरदा फसलेला आहे, तोच शंभर-एकाव्यांदा लागतो.

आपल्याकडे हे कुणी वेगळं सांगितलं नाही, कारण तालमीत ते आपसूक होतंच. डाव समजून घ्यायचा, आणि लगेच खडाखडीत तो समोरच्यावर घालून बघायचा. वस्ताद कडेला बसून फक्त एवढंच म्हणणार, “हात उशिरा गेला.”

म्हणून कुठल्याही क्लासमध्ये मोजा : तासभरातली किती मिनिटं जोडीदार खरोखर अडवत असतो? हवेत ठोसे, रांगेत काता (एकट्यानं करायच्या ठरलेल्या हालचाली) आणि ठरवून केलेलं ‘तू असं मार, मी असं अडवतो’ हे शिकण्याचा भाग म्हणून ठीक आहे. पूर्ण तास त्यातच जात असेल तर तुम्ही कवायत शिकताय. कवायतीचाही फायदा असतो, फक्त तिला झुंज समजू नका.

इथे मर्दानी खेळांविषयी मनापासून सांगतो. कोल्हापुरातल्या तालमींनी दांडपट्टा, लाठी, बोथाटी, विटा (दोरी बांधलेला भाला) हे खेळ जिवंत ठेवले आहेत. पट्टा फिरवणाऱ्याचं मनगट, कंबर आणि पावलं एका लयीत चालतात तेव्हा अंगावर काटा येतो. ही विद्या शिकावी ती वारसा म्हणून, शरीरावरच्या हुकमतीसाठी आणि दमासाठी. रिकाम्या हातानं कुणाशी झटापट करायला तिचा उपयोग होईल ही अपेक्षा तिच्यावर लादू नये. पट्टा हे युद्धाचं शस्त्र आहे. त्याला त्याच्या मैदानावरच मान द्यावा.

चौथी पायरी : क्लास बघायला जा, निदान दोनदा

एकदा सांगून जा, एकदा न सांगता. पैसे भरायची घाई करू नका. भिंतीवरच्या ट्रॉफ्या पाहण्याआधी शिकणाऱ्यांकडे पाहा.

नव्या मुलाशी जुना खेळाडू कसा खेळतो? त्याला उचलून आपटतो की खालपर्यंत सोबत जाऊन पाडतो? सगळ्यांत जास्त याच्यावरून मी क्लास ओळखतो. चांगल्या ठिकाणी जुना माणूस नव्याची बाही शेवटपर्यंत ओढून धरतो, म्हणजे पाडलेल्याचं डोकं आपटत नाही. ती बाही सुटते का धरलेली राहते, तेवढंच दहा मिनिटं बघा.

मुली आहेत का? असतील तर टिकल्या आहेत का, की दर महिन्याला नव्या दिसतात? पालकांना बसायला जागा आहे का? “आमच्याकडे पालकांना आत सोडत नाही” असं उत्तर आलं तर तिथून उठा. कारण काहीही सांगोत.

बेल्टचा हिशेब विचारा. पुढच्या बेल्टसाठी किती महिने, परीक्षेची फी किती, काळा पट्टा साधारण किती वर्षांत. आधी एकदा माझ्या भाचीला एका क्लासमध्ये घातलं होतं. दर तीन महिन्यांनी परीक्षा, दर परीक्षेला फी, आणि नापास कुणीच होत नाही. दीड वर्षात ती तपकिरी पट्ट्यापर्यंत पोहोचली आणि तोवर तिनं एकाही मुलीशी मोकळी झुंज केली नव्हती. पहिल्याच स्पर्धेत समोरची अंगावर आली तशी ती गोठून उभी राहिली. रडली ती हरली म्हणून नाही. “मला कुणी सांगितलंच नाही की असं वाटतं,” हे तिचे शब्द. ते मला अजून टोचतात, कारण क्लास मीच शोधून दिला होता. ज्या क्लासमध्ये वर्षभरात काळा पट्टा द्यायची हमी देतात तिथे तुम्हाला पट्टाच मिळेल.

आणि जागा. ज्युदो, जिउजित्सूला जाड, न सरकणाऱ्या मॅट हव्यात. दोन मॅटच्या फटीत पायाचं बोट अडकून मोडतं, म्हणून फटीत बोट घालून बघा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत मॅट रोज पुसल्या नाहीत तर नायटा सगळ्या क्लासला होतो. मॅट कधी आणि कशानं पुसता, हे विचारायला लाजू नका.

पाचवी पायरी : पहिले तीन महिने

पहिला महिना पडायला शिका. ज्युदोत याला ‘उकेमी’ म्हणतात आणि माझ्या मते आयुष्यभर उपयोगी पडणारी मार्शल आर्टमधली पहिली गोष्ट हीच आहे, कारण ओल्या फरशीवर घसरण्याची वेळ मारामारीपेक्षा कितीतरी जास्त येते. मागे पडताना हनुवटी छातीला लावायची आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेवायची, म्हणजे डोकं जमिनीला लागत नाही. हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली, आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हातांनी मॅटवर सपकन मारायचं. मागे हात टेकून स्वतःला सावरायला जायचं नाही, मनगट किंवा कोपर तिथेच जातं. आधी उकिडवं बसून, मग अर्धवट उभं राहून, मग पूर्ण उभं राहून. रोज वीस-तीस वेळा. तीन आठवड्यांत शरीर न सांगता पडायला लागतं.

कुस्तीतून येणाऱ्यांना मात्र हे जड जातं. पाठ टेकू द्यायची नाही म्हणून आपण हवेत वळतो आणि खांद्यावर किंवा डोक्यावर पडतो. मी पहिल्या दोन महिन्यांत उजवा खांदा असाच दुखवून घेतला. ज्युदोच्या सरावात पडायचं तेव्हा मोकळेपणानं पडा. गुण गेला तर जाऊ दे, खांदा राहू दे.

हरल्याची खूण म्हणून मॅट थोपटणं लवकर शिका. कोपर सरळ झालं, गळ्यावर दाब आला की थोपटायचं. सहन करून बघायचं नाही. समोरच्यानं थोपटलं की त्याच क्षणी सोडायचं, यात चर्चा नाही.

बॉक्सिंग, थाई बॉक्सिंग किंवा कराटेत पहिले दोन-तीन महिने डोक्यावर मार खाणारी झुंज नकोच. पावलं, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), हात परत हनुवटीशी आणणं, पिशवीवर सराव, आणि मग हलक्या हातानं फक्त अंगावर. डोक्याला जोरात लागून गरगरलं, मळमळलं, काही क्षण आठवेना झालं किंवा प्रकाश सहन होईना, तर त्या दिवसाचा सराव तिथेच संपला. मुलगा कितीही “मी ठीक आहे” म्हणाला तरी. डॉक्टरला दाखवा आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत झुंजीत उतरू नका. हेडगिअरनं कातडी फाटायची वाचते, पण आत मेंदू हलायचा थांबत नाही. तोंडात माउथगार्ड आणि खाली अ‍ॅबडॉमिनल गार्ड पहिल्याच आठवड्यात घ्या.

नखं दर तीन दिवसांनी कापा. कान चोळले जाऊन फुगले, आत पाणी झाल्यासारखं मऊ लागलं, तर लगेच डॉक्टरकडे जा. थांबलात की ते कडक होतं आणि कान कायमचा मोडतो. आमच्याकडे मोडलेला कान म्हणजे पैलवानाची खूण मानतात. मला तो अभिमान समजतो. पण ऑफिसात बसणाऱ्या माणसानं तो मुद्दाम कमवायची गरज नाही.

आठवड्यातून तीन दिवस पुरे. वाढत्या वयाच्या मुलांना वजनगटात बसवायला पाणी तोडणं, उपाशी ठेवणं, स्वेटर घालून पळवणं असले प्रकार कुणी सुचवत असेल तर ठाम नाही म्हणा. गट वरचा घ्या.

सहावी पायरी : दुसरी शैली कधी, आणि कुठली?

वर्षभर एकाच जागी राहा. दोन महिने ज्युदो, दोन महिने बॉक्सिंग, दोन महिने अजून काही असं केलं की सगळीकडे नवखेच राहता. एका शैलीत साधारण तुमच्या तोडीच्या माणसाबरोबर तीन-चार मिनिटं न गोंधळता झुंजता यायला लागलं, की मग दुसरीकडे पाहा.

दुसरी शैली निवडताना पहिल्या शैलीनं जिथे डोळे मिटायला शिकवलंय तिथे बघा. मारणाऱ्यांना धरणं शिकायला हवं, धरणाऱ्यांना मार खाऊन डोळे उघडे ठेवायला. कुस्तीगीर जिउजित्सूत गेला की त्यानं सगळ्यांत आधी गळा सांभाळायला शिकावं. पट काढताना डोकं बाहेरच्या बाजूला आणि मान खाली राहिली तर समोरच्याची काख गळ्याभोवती आलीच म्हणून समजा. ज्युदोवाला कुस्तीत आला की धरायला कॉलर नाही, बाही नाही, म्हणून आठवडाभर चाचपडतो. त्यानं मनगट, काख आणि मानेवरची पकड नव्यानं शिकावी. त्याला धोबीपछाड मात्र लगेच ओळखीचा वाटतो, त्याचा सेओई नागे जवळपास तोच आहे. माझा स्वतःचा कौल विचाराल तर, तरुण आणि धडधाकट माणसानं आधी कुस्ती किंवा ज्युदो, मग बॉक्सिंग. पस्तिशीनंतर सुरू करणाऱ्यानं जिउजित्सू, कारण तिथे उंचावरून आपटणं कमी आणि सरावाचा वेग स्वतःच्या हातात राहतो.

नव्या ठिकाणी गेल्यावर जुनी हुशारी दारात काढून ठेवा. तिथल्या गुरूला पहिल्याच दिवशी सांगा की मी अमुक केलंय, आणि मग त्याच्या पद्धतीनं शिका. हे किती अवघड असतं त्याचा दाखला आपल्या मातीतच आहे. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गादीवर, परक्या नियमांत उतरले आणि फ्लायवेट गटात सहावे आले. त्यानंतरची चार वर्षं त्यांनी त्या गादीची तयारी केली आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला बँटमवेटमध्ये कांस्यपदक आणलं. त्यांचा ढाक हा डाव तोच होता. नियम बदलले तेव्हा तो कधी आणि कुठून मारायचा ते त्यांनी पुन्हा शिकून घेतलं. आजही महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात. ती लढत बघताना गुणफलकावरून नजर काढा आणि मातीतला मल्ल गादीवर पाय कसे टाकतो तेवढंच पाहा.

सातवी पायरी : एकच जोडी, चार नियम

शैली ताडून पाहायची ही रीत मी आणि माझ्या तीन मित्रांनी हळूहळू बसवली. इंटरनेटवरच्या वादांपेक्षा यातून कितीतरी जास्त शिकायला मिळतं. अट एवढीच की दोघांनाही पडता यायला हवं, थोपटल्यावर सोडायची सवय हवी, कडेला एक जाणता माणूस हवा आणि जोर साठ टक्क्यांच्या पुढे जायला नको.

जोडीदार तोच ठेवा. पहिली तीन मिनिटं कुस्तीच्या नियमानं, पाठ लागली की पुन्हा उभं राहायचं. एक मिनिट दम घ्या. दुसरी तीन मिनिटं दोघांनीही जाकीट घालून ज्युदोच्या नियमानं, पाय धरायचे नाहीत. तिसरी जिउजित्सूच्या नियमानं, गुडघ्यांवरून सुरुवात. चौथ्या फेरीत एकाला फक्त उघड्या तळव्यानं छातीवर आणि खांद्यावर थापा मारायची मुभा, दुसऱ्याला फक्त धरायची.

प्रत्येक फेरीनंतर वहीत दोनच गोष्टी लिहा. या फेरीत मी सवयीनं काय केलं जे इथे चुकीचं होतं? आणि मागच्या फेरीतलं काय इथेही चाललं? कोण जिंकलं ते लिहू नका, त्यातून काही कळत नाही. महिन्यातून एकदा असं करा आणि वही चाळून बघा. माझ्या वहीत पहिल्या सहा महिन्यांत तिसऱ्या फेरीखाली एकच ओळ पुनःपुन्हा आहे : “पुन्हा पालथा झालो.” सातव्या महिन्यात तिथे लिहिलंय, “पाठीवर राहिलो. त्याची बाही धरली. श्वास चालू होता.” चौथ्या फेरीतही एक धडा दर वेळी येतो. धरणारा हातभर अंतरावर घुटमळला की थापा खातो. एक तर पूर्ण बाहेर राहायचं, नाही तर छातीला छाती लावायची. मधल्या पट्ट्यात थांबायचं नाही.

रस्त्यावरच्या प्रसंगाची तयारी म्हणून हे करत असाल तर पाचवी फेरी जोडा. दोघांपैकी एकानं धरून ठेवायचं, दुसऱ्यानं फक्त सुटून दारापर्यंत पोहोचायचं. डाव मारायचा नाही, पाडायचं नाही. घड्याळ लावा आणि दारापर्यंत किती सेकंद लागले तेवढं वहीत लिहा. भाचीबरोबर मी आता हीच फेरी आधी घेतो, बाकीच्या त्यानंतर.